रीडसाठी की माणसासाठी?



संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १२ वा अध्याय आज आपण दुसऱ्या वाचनात ऐकला. शरीर एक, अवयव पुष्कळ. आणि जो अवयव आपल्याला दुबळा वाटतो, त्याच्यावाचून शरीराचे चालत नाही. हे वाचन आपल्या इतके परिचयाचे आहे की पहिली ओळ कानावर पडताच पुढचे सारे आपण ऐकल्यासारखे करतो. मी स्वतः यावर किती वेळा प्रबोधन केले असेल! पण हा अध्याय मला खऱ्या अर्थाने समजावून दिला तो एका मोडक्या ऑर्गनने आणि मोहाडीच्या एका वृद्ध मास्तरांनी. आज तीच हकीकत सांगावी म्हणतो. ती सांगताना माझी मान थोडी खाली जाईल, पण त्याला इलाज नाही.

आपल्या सॅक्रिस्टीमागच्या खोलीत ताडपत्रीखाली एक जुना पाय-ऑर्गन पडून होता, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याच्यावर नाताळच्या गव्हाणीची खोकी, बंद पडलेला पंखा आणि कागदी फुलांच्या माळा रचलेल्या असत. गेल्या प्रायश्चित्तकाळात खोली साफ करायला काढली, तेव्हा तो भंगारात द्यावा असे ठरतच आले होते. मी सहज झाकण उघडून पायटे दाबले. दम्याच्या रोग्यासारखा एक सुस्कारा आला, सूर मात्र एकही नाही. तरी तो सुस्कारा ऐकून मला वाटले, आत कुठेतरी जीव आहे. दोन तरुणांना हाताशी धरून आम्ही मागची फळी काढली.

हे वाद्य चालते कसे, ते आधी थोडक्यात सांगतो. मोठ्या महामंदिरांतल्या ऑर्गनला नळ्या असतात. आपल्यासारख्या ठिकाणी येतो तो रीडचा ऑर्गन. प्रत्येक सुरासाठी पितळेची एक लहानशी चौकट असते आणि तिच्यात पितळेचीच एक पातळ जीभ. तिला रीड म्हणतात. हवेचा झोत तिच्यावरून गेला की ती थरथरते आणि सूर निघतो. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनी १८४२ साली अशाच वाद्याला हार्मोनियम या नावाने पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून वाजवता येईल असे हाताच्या भात्याचे रूप दिले, आणि तेच आपल्या भजनात, शाळेत, घराघरांत पोहोचले. अमेरिकन ऑर्गन हा त्याचाच भाऊ, पण स्वभावाने उलटा. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो. ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो. म्हणून त्याचा आवाज मऊ येतो आणि माणसाच्या गळ्याला बिलगून राहतो. आपल्या मराठी रंगभूमीने तो उगीच जवळ केला नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या संगीत नाटकांत ऑर्गनची साथ होती, आणि आजही जुन्या नाट्यपदांच्या मैफलीत तो दिसला की जाणकार सावरून बसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला, त्याच्या १२० व्या परिच्छेदात नळ्यांच्या ऑर्गनला मोठा मान दिला आहे. आणि लोकांच्या भक्तीला शोभणारी इतर वाद्येही उपासनेत यावीत, यासाठी दार उघडले आहे.

आमच्या ऑर्गनला ६१ पट्ट्या आणि रीडच्या दोन रांगा, म्हणजे एकूण १२२ रीड्स. उंदरांनी आतली फेल्ट कुरतडली होती. चामड्याच्या झडपा वाळून पापडासारख्या झाल्या होत्या. भात्याचे कापड घडीघडीवर फाटले होते. एका बाजूच्या फळीला वाळवी लागली होती. हे सारे दुरुस्त होण्यासारखे होते. नागपूरच्या एका पेटीवाल्या कारागिराने नवे रबरी कापड लावून भाता बांधून दिला, मेंढीच्या मऊ कातड्याच्या झडपा कापून दिल्या. वाळवी खाल्लेली फळी आपल्याच एका सुताराने सागवानात नवी घडवली. पण रीड्स मोजल्या तेव्हा ११५ भरल्या. सात जागा रिकाम्या होत्या. त्या मोडून पडलेल्या नव्हत्या. कोणीतरी नीट ओढून काढलेल्या दिसत होत्या.

मग सुरू झाला शोध. असे ऑर्गन बनवणारी अमेरिकेतली सर्वांत मोठी कंपनी एस्टी, व्हर्माँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावची. तिने पाच लाखांवर रीड ऑर्गन बनवले आणि १९६० साली ती बंद पडली. आता त्या गावात तिच्या ऑर्गनांचे संग्रहालय आहे. तेव्हा नवे सुटे भाग मिळण्याची आशा नव्हतीच. जुन्या ऑर्गनचा भाग दुसऱ्या जुन्या ऑर्गनमधूनच काढावा लागतो. एक मेल्याशिवाय दुसऱ्याला अवयव मिळत नाही. गुजरातमधले पालिताणा हार्मोनियमच्या रीडसाठी प्रसिद्ध आहे. तिकडच्या रीड्स मागवून पाहिल्या. सुंदर काम, पण हार्मोनियमची रीड स्क्रूने फळीवर बसते, आणि ऑर्गनची रीड अरुंद खाचेत सरकवावी लागते. ती तिथे बसेना. भंडाऱ्याची तर ओळखच पितळी भांड्यांची, म्हणून इथल्या एका जुन्या कारागिरालाही विचारले. त्याने रीड तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, “फादर, चौकट मी हुबेहूब कापून देईन. पण भांडं घडवणं वेगळं नि आवाज घडवणं वेगळं.” खरा कारागीर असाच बोलतो.

या धावपळीत मला फिलिपाइन्समधल्या एका ऑर्गनची फार आठवण येई. मनिलाजवळच्या लास पिन्यास या धर्मग्रामात फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात एक ऑर्गन उभा केला. तिथे कसली साधने होती? त्यांनी हाताशी होता तो बांबू घेतला. कीड लागू नये म्हणून तो समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला आणि वाट पाहिली. त्या ऑर्गनच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत. पुढे भूकंप-वादळांनी तो खिळखिळा झाला, तेव्हा १९७३ साली तो दुरुस्तीसाठी जर्मनीतल्या बॉन शहरी क्लाइस या कारखान्यात नेण्यात आला. पण युरोपच्या कोरड्या थंड हवेत बांबू तडकला असता. म्हणून तिथल्या कारागिरांनी एका खोलीत फिलिपाइन्सची दमट, उबदार हवा तयार केली आणि त्या हवेत बसून काम केले. १९७५ साली ऑर्गन गाऊ लागला आणि आपल्या चर्चमध्ये परतला.

बांबूची गोष्ट मी लोकांना उत्साहाने सांगत असे. हवेच्या खोलीची गोष्ट मात्र तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नव्हती. ती पुढे शिरली.

एका रविवारी मिस्सानंतर एक आजी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “फादर, त्या सात रीड मोहाडीच्या मास्तरांकडं असतील. ते साफ करायला घरी घेऊन गेले होते. मग ते आलेच नाहीत.”

मी विचारले, “का आले नाहीत?”

आजी म्हणाल्या, “कोणी बोलावलं नाही म्हणून.”

मग सारे कळले. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आणि दर रविवारी मोहाडीहून येऊन ऑर्गन वाजवत. कोणी शिकवले नव्हते. लहानपणी गायनवृंदात बसून ऐकून ऐकून बोटे तयार झालेली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नाताळला धर्मग्रामात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. त्यात काही चूक नव्हती, तरुणांना हवा होता. पण गायनवृंदाच्या बैठकीत सगळ्यांसमोर कोणीतरी म्हणाले की मास्तरांची पेटी आता गोठ्यात ठेवायच्या लायकीची आहे. काही जण हसले. मास्तरांनी त्या रात्रीची मिस्सा नेहमीसारखी वाजवली, पायटे सरळ केले आणि ते घरी गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. वाईट शब्द बोलायला एक क्षण लागला. पण त्यानंतर त्यांच्या दारात न जाण्याचे काम आपण सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षे केले.

आता माझी गोष्ट. त्या रात्री मी कुटुंबांची नोंदवही उघडली. मोहाडीच्या पानावर मास्तरांचे नाव होते. पुढे कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, “येत नाहीत.” आणि त्याखाली, बंधू-भगिनींनो, माझ्याच अक्षरात एक बरोबरची खूण होती. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी नोंदवही तपासली, “येत नाहीत” हे वाचले, खूण केली आणि पान उलटले. सात रीडसाठी मी तीनदा नागपूरला गेलो, गुजरातला फोन केले, अमेरिकेतल्या कारखान्याची माहिती शोधली. मोहाडी इथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. तिथे मात्र मी एकदाही गेलो नव्हतो.

दुसऱ्याच दिवशी निघालो. वरठी मागे टाकून तुमसर रस्त्याने, दोन्ही बाजूंना धानाची बांधी. मास्तर पडवीत बसले होते. मला पाहून उठले, हात जोडले. “बसा जी फादर. पानी घ्या.” काकूंनी पाणी आणले, चहा ठेवला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मी ऑर्गनचा विषय काढला. भाता बांधला, फळी बदलली, आता सात रीड्स तेवढ्या राहिल्या. मास्तर खाली बघून ऐकत होते. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारले,

“फादर, तुमी रीडसाठी आले, का माह्यासाठी?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. खोटे बोलणे सोपे होते. पण त्या प्रश्नापुढे खोटे बोलवेना. मी म्हणालो, “मास्तर, खरं सांगायचं तर रीडसाठीच निघालो होतो.”

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “मंग चहा पिऊन घ्या.” रीडविषयी ते काही बोलले नाहीत, आणि मीही मागितल्या नाहीत. परतताना मला सारखे वाटत राहिले, या माणसाला मी माझ्या हवेत ओढून बोलत होतो. माझे चर्च, माझा ऑर्गन, माझे राहिलेले काम. बॉनच्या कारागिरांनी बांबूला जर्मनीच्या हवेची सवय करून घे म्हटले नव्हते. त्यांनी बांबूची हवा आपल्या खोलीत आणली. दुखावलेल्या माणसाकडे जायचे तर त्याच्या हवेत जावे लागते. तिथे गुदमरायला झाले तरी बसावे लागते.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात प्रभू येशू वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाविषयी बोलतो, ते आठवा. अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे तो सांगतो. पण नीट लक्ष द्या. भावाविरुद्ध तुझ्या मनात काही असेल तर जा, असे तो म्हणत नाही. तुझ्याविरुद्ध भावाच्या मनात काही असेल तर जा, असे म्हणतो. म्हणजे “माझ्या मनात काही नाही” हे उत्तर प्रभूपुढे चालत नाही. आपल्या मनात काही नसते, कारण आपण बोलून विसरून गेलेलो असतो. ज्याला लागले त्याच्या मनात ते असते. आणि चालत जाण्याचे काम प्रभू विसरणाऱ्याला देतो. “तेव्हा मी इथे नव्हतो” हेही उत्तर चालत नाही. मला ते देण्याचा फार मोह झाला होता. पण मी ज्या खुर्चीवर बसतो ती तीच आहे.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो. या वेळी सोबत गायनवृंदातले एक जण होते. त्या बैठकीत हसलेल्यांपैकी ते एक. आता त्यांचेही केस पांढरे झाले आहेत. पडवीत ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, “मास्तर, मी तेव्हा हसलो होतो. चुकलो.” एवढेच. मास्तर काही बोलले नाहीत. आतून काकूंचा आवाज आला, “इतले वर्ष काहून आले नाही जी?” आणि मग त्या रडू लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आले की या अपमानाचे ओझे दोघांनी वाहिले होते, आणि आम्ही तर एकाचेही मोजले नव्हते.

मास्तर त्या दिवशीही आमच्याबरोबर आले नाहीत. क्षमा ही बाजारातली वस्तू नाही, की किंमत टाकली आणि पिशवीत घातली. महिना गेला. आगमनकाळाच्या पहिल्या शनिवारी दुपारी चर्चच्या दारात मास्तर उभे होते. हातात आंधळगावच्या कोशाचा एक जुना तुकडा, त्याला गाठ मारलेली. गाठ सोडली. आत सात रीड्स, प्रत्येकीखाली कागदाची घडी, घडीवर पट्टीचा क्रमांक. इतकी वर्षे त्यांनी त्या जपल्या होत्या. टाकल्या नव्हत्या, विकल्या नव्हत्या. ज्या माणसाला आपण “येत नाहीत” म्हणून पेन्सिलीने मोडीत काढले, तो आपले सूर कोशात गुंडाळून सांभाळत बसला होता.

त्यांनी स्वतः एकेक रीड खाचेत सरकवली. तरुण मुले भोवती जमली. मास्तर त्यांना शिकवू लागले. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाला अगदी हलके घासायचे, चढला असेल तर मुळाशी. जोर करायचा नाही, पितळ गेले की परत येत नाही. एका मुलाने आधीच्या ११५ मधली एक न वाजणारी रीड दाखवून विचारले, ही मेली का? मास्तरांनी ती काढली, उजेडात धरली, मऊ ब्रशने एकदा पुसली आणि परत बसवली. ती वाजली. म्हणाले, “मेली नव्हती ना बाबू. जिभेखाली कचऱ्याचा कन अडकला होता. बहुतेक वेळा तेवढंच असते.”

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतली किती अबोली अशी आहेत! दोन भावांचे बोलणे बंद आहे, आणि मूळ कारण विचारले तर लग्नातला एक मानपान, बांधावरचे एक झाड, पंगतीत राहून गेलेले एक आमंत्रण. नाते मेलेले नसते. एक कण अडकलेला असतो. तो काढण्यासाठी कोणीतरी ते नाते हातात घेऊन उजेडात धरावे लागते.

पण सगळेच गोड झाले असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. सातपैकी सहा रीड्स वाजल्या. सातवीची जीभ मुळाशी चिरली होती. बसवताना ती तुटली. खालच्या रांगेतला तो एक सूर आजही नाही. एक खटका ओढला की ती पट्टी वाजते, दुसरा ओढला की मुकी राहते. जुन्या चौकटीला नवी जीभ बसवण्याचा खटाटोप मास्तर आणि ती मुले करीत आहेत. अजून जमलेले नाही. काही गोष्टी फार उशीर केल्यावर जशाच्या तशा जुळत नाहीत. त्या बैठकीत तो शब्द बोलणारे गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांना मास्तरांच्या पडवीत घेऊन जाण्याची संधी आपण गमावली. म्हणून सांगतो, उशीर करू नका.

संत पौल म्हणतो त्याचा अर्थ मला आता असा दिसतो. अवयव नको असे आपण तोंडाने क्वचितच म्हणतो. आपण फक्त न विचारता राहतो, आणि तो अवयव गळून पडतो. मग शरीर लंगडत चालते, आणि आपण कारण शोधायला दूरदूर जातो. उपासना नीरस का झाली, तरुण का येत नाहीत, गायन का जमत नाही? कदाचित उत्तर अर्ध्या तासाच्या वाटेवर, एखाद्या पडवीत बसलेले असेल.

या आठवड्यासाठी एवढेच मागतो. प्रत्येक कुटुंबाने एका अशा घरी जावे, जिथे जाणे आपण सोडून दिले आहे. वर्गणीसाठी नको, सणाच्या तयारीसाठी नको, कामासाठी नको. रिकाम्या हाताने जा, पाणी मागून घ्या, बसा. ते विचारतील, काय काम काढले? तेव्हा खरेपणाने सांगता आले पाहिजे, काही नाही, तुमच्यासाठीच आलो. मीही नोंदवही घेऊन निघतो आहे. माझ्या पेन्सिलीच्या खुणा एकट्या मोहाडीच्याच पानावर नाहीत.

आज अर्पणाच्या वेळी मास्तर ऑर्गन वाजवतील. मधेच एखाद्या ठिकाणी सूर रिकामा गेल्यासारखा वाटला, तर ती त्यांची चूक समजू नका. त्या रिकाम्या जागी, आज आपल्यात नसलेल्या एका माणसाचे नाव मनात घ्या.

प्रभू येशू, हरवलेल्या एका मेंढरासाठी तू नव्याण्णव मागे ठेवलीस. आमच्या वहीत ज्यांच्यापुढे आम्ही खूण करून पान उलटले, त्यांच्या दारापर्यंत आमचे पाय ने. त्यांचा प्रश्न ऐकून घेण्याचे धैर्य दे, आणि खरे उत्तर देण्याची लाज वाटू देऊ नकोस. आमेन.